दर वेळी तीच घराणी, मग मत द्यायला गावी जायचं तरी कशाला?

चाकणवाला_चांदवडकर:
नमस्कार मंडळी. मी चांदवड तालुक्यातला, सात वर्षं झाली चाकणला कंपनीत आहे, पण मतदार यादीत नाव अजून गावचंच. २०२४ ला दोनदा गावी गेलो, २० मे ला लोकसभेला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेला, दोन्ही वेळा एसटीत उभ्याने, आणि एका खेपेला तर सुट्टी जाहीर असून ठेकेदाराने खाडा लावला. एवढं करून गावात उतरलं की बॅनरवर तेच चेहरे, नाहीतर त्यांची पोरं, सुना, पुतणे. कारखाना त्यांचा, बँकेवर संचालक ते, कॉलेज त्यांचं, आमदारकी पण घरातच. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, आपण ज्याच्या विरोधात म्हणून एखाद्याला मत दिलं तो त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला आणि आपल्याला कोणी विचारलं पण नाही. वडील म्हणतात मत वाया घालवायचं नाही. मला मात्र वाटायला लागलंय की दिलं तरी वायाच जातं. भांडायला नाही, मनापासून विचारतोय, तुम्ही लोक मत का देता?

उन्हाळ_कांदा:
दादा तुम्ही चांदवडचे, म्हणजे दिंडोरी मतदारसंघातले, मग तुमच्या डोळ्यासमोर झालेलंच सांगतो. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली, आमचा लाल कांदा नुकता मार्केटला निघालेला, भाव कोसळला, लिलाव बंद पडले, चांदवडला हायवेवर रास्ता रोको झाला. निवेदनं दिली, मोर्चे काढले, काही हललं नाही. उठली कधी बंदी? ४ मे २०२४ ला, आणि मतदान होतं २० मे ला. ती पण धड उठवली नाही, टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि वर ४० टक्के निर्यात शुल्क. लोकांनी काय केलं ते तुम्हाला माहितीये, केंद्रात मंत्री असलेल्या उमेदवाराला पाडून शाळेत शिकवणाऱ्या भास्कर भगरे सरांना लाखावर मतांनी दिल्लीला पाठवलं. मग सप्टेंबरमध्ये, विधानसभा दोन महिन्यांवर आलेली असताना, किमान किंमत काढली आणि शुल्क २० वर आणलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. आता कोणी म्हणेल इतरही कारणं होती, असतील, पण आम्ही साठवणीच्या चाळीत कांदा सडताना बघितलाय, आम्हाला त्या तारखा पाठ आहेत. आणि त्याच निवडणुकीत भगरे आडनावाचा एक अपक्ष होता, नावापुढे सर लावलेलं, चिन्ह पण सरांच्या तुतारीसारखंच, त्याला लाखावर मतं पडली. मुद्दाम की योगायोग ते सोडा, पण चुकीचं बटण दाबलं म्हणून आमच्या वस्तीवरची एक म्हातारी रडत होती. मताची किंमत तिला विचारा.

सोसायटी_सभासद:
वरच्या भाऊंचं पटतं पण अर्धंच. भगरे सर चांगला माणूस, मी पण त्यांनाच मत दिलं, पण तिकीट कोणी दिलं? पक्षाने. लोकसभेला खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, साध्या शेतकऱ्याने स्वतःच्या जिवावर एवढं कुठून आणायचं? म्हणजे कोणाला निवडायचं हे आपण ठरवतो पण कोणाकोणातून निवडायचं हे आधीच ठरलेलं असतं, चांदवडकरांचं दुखणं तिथे आहे. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. आपला कांदा जिथे विकला जातो त्या बाजार समितीच्या निवडणुकीत आपल्याला मतच नाही. तिथे मत कोणाला, तर विकास सोसायटीचे (गावात पीककर्ज देणारी सहकारी संस्था) संचालक, ग्रामपंचायतीचे सदस्य, व्यापारी-आडते आणि हमाल-मापारी. मध्ये काही वर्षं शेतकऱ्याला थेट मत दिलं होतं ते परत काढून घेतलं. मग गावातल्या सोसायटीचे १३ संचालक हाताशी धरले की काम झालं. घराणी आमदारकीवर उभी नाहीत हो, ती या सोसायट्यांवर उभी आहेत, कर्ज कोणाला मिळणार, कोणाची फाईल अडणार हे तिथे ठरतं, आणि त्या निवडणुकीला आपण जातच नाही, "सगळं बिनविरोध करून टाकू" म्हटलं की आपण पण मान डोलावतो. माझ्या गावात दोन वेळा असं झालं आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो याचं वाईट वाटतं.

माजी_सदस्य_वॉर्ड३:
सोसायटीवाले दादा बरोबर बोलले. मी २०२१ ला महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीला उभी राहिले. आमच्याकडे पण बिनविरोधचं ठरत होतं, नावं देवळात बसून चार जणांनी काढली होती, मी अर्ज मागे घ्यावा म्हणून सासऱ्यांकडे तीनदा माणसं आली. नाही घेतला. नऊ मतांनी निवडून आले. नऊ! त्यातली चार मतं नाशिकला कामाला असलेल्या पोरांची होती, ती रात्रीच्या गाडीने आली होती, मला त्यांची नावं आजही पाठ आहेत. पहिलं वर्ष मीटिंगला नवऱ्यालाच पाठवा असं सांगायचे, मी जाऊन बसायचे. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, तो कशावर खर्च झाला ते मी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावलं, आणि आमच्या वस्तीची गटार जी कागदावर आधीच झालेली होती ती खरोखर झाली. एवढंच झालं, जास्त काही नाही, घराणं आहे तिथेच आहे.
आणि दादा, उमराणे तुमच्यापासून लांब नाही. तिथे सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांपर्यंत गेली होती, मंदिर बांधायला म्हणून. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ ला ती निवडणूकच रद्द केली. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मतदान टाळायला दोन कोटी मोजायला तयार होतात, मग ते वायाच जातं असं आपण कसं म्हणायचं?

निवृत्त_गुरुजी:
चांदवडकर, तुमचा राग रास्त आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच दुखणं मांडलं होतं, राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात, पैशात मात्र विषमता, ही विसंगती लवकर काढली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल असं. स्वतः ते १९५२ ला उत्तर मुंबईतून हरले. माझ्या आजोबांना १९३७ च्या निवडणुकीत मत नव्हतं, कारण तेव्हा ते शेतसारा भरणाऱ्याला, घरपट्टीवाल्याला, शिकलेल्याला होतं, आणि आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालदार. १९५२ ला ते आणि त्यांचा मालक एकाच रांगेत उभे राहिले, हे ते मरेपर्यंत सांगायचे. मालकाची जमीन काही कमी झाली नाही. पण मत मागायला मालक आमच्या दारात आला, आणि अंगणात बाजेवर बसला.

सोसायटी_सभासद:
गुरुजी, अंगावर काटा आला. फक्त एक भर घालतो, मत तेव्हाच चालतं जेव्हा निवडणूक होते. आपल्या नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. रस्त्याचं विचारायला जायचं तर कोणाकडे? सदस्यच नव्हता. सदस्य वाईट असला तरी त्याच्या घरी जाऊन ओरडता येतं.

चाकणवाला_चांदवडकर:
सगळ्यांचे आभार, वाचून काल रात्री वडिलांना फोन केला. विचारलं आपल्या सोसायटीची निवडणूक कधी आहे. म्हणाले मागच्या वेळी बिनविरोध झाली, आपल्याला कळलं तेव्हा हार घालून झाले होते. तीस वर्षं सभासद आहेत ते. पुढची कधी लागते ते विचारायला आज सचिवाकडे जाणार आहेत. मी रविवारी गावी जातोय, सभासदांच्या यादीची प्रत मागायला अर्ज कसा करायचा ते कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि ताई, तुमच्या त्या चार पोरांना माझा नमस्कार.