चर्चा: उदयशंकर नर्तक होते की नुसते देखावे उभे करणारे?

मांजराकाठ (लातूर)
काल एका गटावर कुणीतरी लिहिलं, "उदयशंकर म्हणजे गोऱ्यांसाठी रंगवलेला हिंदुस्थान. ना गुरू, ना घराणं. ह्याला बॅले म्हणायचं तर आमच्या गॅदरिंगमधला नाचही बॅलेच." वाचून डोकं फिरलं. तिथं दोन ओळीत भागणार नव्हतं म्हणून इथं लिहायलोय.

हा माणूस आधी मुंबईत जे.जे.मध्ये आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला. तिथंच रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोव्हा भेटली. १९२३ मध्ये तिच्यासाठी त्यानं 'राधा-कृष्ण' आणि 'हिंदू विवाह' बसवले आणि कृष्ण म्हणून तिच्यासोबत उभा राहिला. त्याच वर्षी तिनं अजिंठ्याच्या चित्रांवरही एक बॅले केला, तो दुसऱ्याकडून बसवून. आपली लेणी शंभर वर्षांमागं लंडनच्या रंगमंचावर गेली होती, आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

घराणं नव्हतं, मान्य. पण घराण्यातल्या कुणाला त्यांच्या 'लेबर अँड मशिनरी'सारखं नृत्य सुचलं होतं का? रंगमंचावर देव नाही, राजा नाही, नायिका नाही. कामगार आहेत, आणि त्यांच्याच हातापायांची चाकं न् दट्टे होतात. एक हात खाली गेला की शेजारचा वर. माझे वडील सूतगिरणीत होते. झोपेतसुद्धा त्यांची बोटं धागा जोडल्यासारखी हलायची. उदयशंकरांच्याच 'कल्पना' चित्रपटातला तो तुकडा मी पाहिला तेव्हा मला तीच बोटं दिसली.

तत्कार (संभाजीनगर)
भावना कळल्या. पण वडिलांच्या बोटांवरून नृत्य ठरत नाही. मी बारा वर्षं कथक शिकतेय, त्यातलं पहिलं वर्ष नुसता तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल. उदयशंकरांनी पाच-सात मिनिटांचे तुकडे केले, कारण पॅरिसच्या प्रेक्षकाला तेवढंच झेपत होतं. त्याच काळात रुक्मिणीदेवी गुरू मीनाक्षीसुंदरम पिळ्ळ्यांसमोर बसून भरतनाट्यम शिकत होत्या. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, ती आजही उभी आहे. आणि उदयशंकरांनी काढलेलं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र? पाच वर्षंसुद्धा धड चाललं नाही.

ह्या 'नवनिर्मिती'चा त्रास आम्हाला रोज होतो. माझ्याकडे आया येतात, "मॅडम, तीन महिन्यांत स्टेजवर जाईल असं काहीतरी शिकवा." हस्तमुद्रा नकोत, बोलांची पढंत नको. थोडं भरतनाट्यम, थोडं लोकनृत्य, वर धूर.

मांजराकाठ (लातूर)
धुराचा दोष उदयशंकरांवर कशाला? आणि गुरू नाही म्हणता, तर शंकरन नंबुद्रींकडं ते कथकली शिकले, त्यांना गुरू मानलं. अल्मोड्यात तेच नंबुद्री शिकवायला होते. भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला अल्लाउद्दीन खाँ. असे चौघं एका डोंगरावर आणायचे म्हणजे खिचडी झाली का?

बंद पडलं म्हणता, पण तिथनं बाहेर कोण पडलं ते बघा. गुरुदत्त तिथनंच पुण्याला प्रभातमध्ये गेला. शांती बर्धन, सचिन शंकर, झोहरा सहगल तिथलेच. बर्धनांनी मुंबईत माणसांच्या कठपुतळ्या करून 'रामायण' बसवलं आणि क्षयानं १९५४ ला गेले. पुढं त्यांच्या बायकोनं, गुल बर्धननी, त्यांची नृत्यमंडळी सांभाळली.

संबळ (परभणी)
तुम्ही दोघं गुरूवर भांडायलात. उदयशंकरांनी नाच पहिल्यांदा कुठं बघितला? आजोळी, नसरतपूरला. मातादीन नावाच्या चर्मकाराचा नाच बघून पोरगं वेडं झालं होतं. पावलोव्हाच्या आधीचा गुरू तो. वरच्या तीन मोठ्या मजकुरात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

मला हे लागतं, कारण माझे वडील गोंधळी. आमच्याकडं एका कॉलेजनं युवक महोत्सवाला त्यांना बोलावलं, "मुलांना स्टेप दाखवा काका" म्हणून. आठ दिवस वडील सकाळच्या गाडीनं जायचे. संबळाची वाकडी काडी मनगटातनं कशी सोडायची, दिवटी हातात असताना तेल न सांडता गिरकी कशी घ्यायची, सगळं दाखवलं. पोरांनी बक्षीस आणलं. पत्रिकेवर नृत्यदिग्दर्शक म्हणून मुंबईच्या माणसाचं नाव. वडिलांना जायला-यायला एसटीचं भाडं दिलं, तेही सहा दिवसांचं.

तत्कार (संभाजीनगर)
हे वाईटच झालं. पण ह्याचा उदयशंकरांशी संबंध काय?

संबळ (परभणी)
तुम्हाला संबंध दिसना झालाय, हेच माझं म्हणणं आहे. तुमच्या तत्काराला गुरू आहे, गुरूनं बांधलेला गंडा आहे. आमच्या पावलांना म्हणे 'लोकनृत्य'. लोक म्हणजे कोण? कुणीच नाही.

गोदातीर (नांदेड)
गोंधळ हा देवीचा विधी आहे, तो महोत्सवात नाचवायचाच कशाला? तुमच्या वडिलांनी जायलाच नको होतं.

संबळ (परभणी)
चार घरं मागून पोट भरत नाही म्हणून गेले. तुमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालता तेव्हा गोंधळ्याला ताट कुठं वाढता, ते आधी सांगा. वडिलांना ओसरीच्या खाली बसवलेलं मी बघितलंय. विधी मला शिकवू नका.

गोदातीर (नांदेड)
आवाज खाली ठेवा. आमच्या घरी तसं होत नाही.

मांजराकाठ (लातूर)
संबळभाऊ, मातादीनचं नाव माझ्याकडनं राहिलं. मला माहीत होतं तरी राहिलं, म्हणजे चूक मोठी आहे. तरी एक म्हणतो. उदयशंकर तो नाच विसरले असते तर मातादीन आज तुम्हा-आम्हाला ठाऊकच नसता.

संबळ (परभणी)
हे उपकार झाले का? नाव राहिलं, पाऊल कुठंय? त्याची नात-पणतू कुठंयत?

तत्कार (संभाजीनगर)
काल रात्री 'कल्पना' पूर्ण पाहिला. १९४८ चा, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत केलेला. यंत्राचा तुकडा दोनदा पाहिला. समूहाची आखणी जबरदस्त आहे, एवढं मान्य करते. एकट्या उदयशंकरांच्या पदन्यासाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पावलं कच्ची आहेत. हात मात्र कच्चे नाहीत. असे खांद्यापासून वाहणारे हात माझ्या वर्गात एकाचेही नाहीत.

मांजराकाठ (लातूर)
हातच तर म्हणत होतो मी पहिल्यापासनं.

संबळ (परभणी)
वडिलांना मोबाईलवर तोच तुकडा दाखवला. चष्मा लावून नीट बघितलं. म्हणाले, "माणूस तालाचा पक्का आहे." मग थांबवायला लावलं आणि मागच्या रांगेतल्या एका पोरावर बोट ठेवून विचारलं, "ह्याचं नाव काय रे?"

मला सांगता आलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर लिहा, ते रोज विचारायलेत.