कोंबडीच्या तळव्याची गाठ: आधी बसायची दांडी बघा

हळद-खोबरेल लावून 8 दिवस झाले तरी कोंबडी लंगडतेच, म्हणता. तळव्याच्या मधोमध काळी टणक खपली आणि भोवती गरम सूज असेल, तर ते बंबलफूट, म्हणजे तळव्याला झालेला जंतुसंसर्ग असणार. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जिवाणू बारीकशा जखमेतून आत शिरतो. आतला पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे वरून लावलेलं तेल तिथवर पोचतच नाही.

कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय 10-15 मिनिटं बुडवा, नीट कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावून गॉजची पट्टी बांधा. रोज. पट्टी बोटांच्या मधून फिरवली की टिकते. हातमोजे घालाच, हा जिवाणू माणसाच्या जखमेतही जातो. ब्लेडने गाठ कापायचा विचार मात्र कृपा करून सोडा. सूज वर चढायला लागली किंवा तिने खाणं टाकलं, तर थेट पशुवैद्यकाकडे न्या. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या.

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात 2 गिरिराज (सुधारित, वजनदार जातीच्या कोंबड्या) लंगडल्या, गावठी एकही नाही. अंगाने जड, त्यात उंच दांडीवरून थेट चिऱ्याच्या दगडावर उडी! दांडी दीड फुटावर आणली, तिच्या कडा पॉलिशपेपरने घासल्या, खाली भाताचं तूस जाड पसरलं. ओलं झालेलं रोज काढतो. दर रविवारी एकेकीला उलटी धरून तळवे तपासतो, शेजारी हसतात.