हाताने चालते, स्क्रिप्टमध्ये अडते

निपाणीकर, तुम्ही गुगल क्लाउड प्रोजेक्टचे ओनर असूनही परवानगी देणारी कमांड रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये फेल होते म्हणून पुन्हा लॉगिन करायचा सल्ला वर आलाय, तो मला पटत नाही. तीच कमांड तुम्ही टर्मिनलवर टाकली की चालते, खूण तिथेच आहे. प्रोजेक्टची आयएएम पॉलिसी, म्हणजे कुणाला कुठला रोल (परवानग्यांचा संच) दिलाय याची यादी, सातबारा उताऱ्यासारखी एकच. त्यात कुणालाही कंडिशन लावून, उदाहरणार्थ मुदतीची, परवानगी दिली, की पुढच्या नव्या नोंदीच्या वेळी जीक्लाउड (गुगल क्लाउडचं कमांडचं टूल) विचारतं, हिला कंडिशन कुठली? स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला कोण असणार?

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या कामात आम्ही हे भोगलंय. ऑडिटरला महिनाअखेरपर्यंत स्टोरेज ऑब्जेक्ट व्ह्यूअर (साठवलेल्या फाइली फक्त बघायचा) रोल दिला आणि नवीन सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, प्रोग्रामचं खातं) जोडणारी, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेली स्क्रिप्ट बंद पडली. कमांडच्या शेवटी ‘--कंडिशन=नन’, म्हणजे ‘कंडिशन नाही’, जोडा, सुटेल. परवानगी काढतानाही तेच. तिथे ‘--ऑल’सुद्धा चालतं, पण त्याने त्या माणसाच्या त्याच रोलच्या मुदतीच्या नोंदीही जातात, तेव्हा जपून. आणि ‘लिंट-कंडिशन (कंडिशन तपासणारी कमांड) चालवा’ असा एरर आला तर आधी ईमेलच्या पुढे ‘यूजर:’ लिहिलंय का ते बघा, बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.