ऐंशीच्या दशकातले रक्तबंबाळ भयपट: तुमच्या आठवणी सांगा

काल लेकीने लॅपटॉपवर 'द थिंग' लावला (१९८२, जॉन कार्पेंटर). डॉक्टर पेशंटच्या छातीवर शॉक द्यायला जातो, छातीचाच जबडा होतो आणि दोन्ही हात तोडतो. मी किंचाळले. तिने मात्र मागे नेऊन तेवढंच परत पाहिलं. "आई, हे खरंच कॅमेऱ्यासमोर केलंय?" हो गं! ही सगळी करामत घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम विशीत. त्या एका क्षणासाठी दोन्ही हात नसलेला बदली माणूस आणला आणि त्याला खोटे हात लावले. माझा जीव यातच अडकलाय. किळस येते आणि त्याच वेळी वाटतं, हे कोणीतरी हाताने घडवलंय. वाड्यात व्हीसीआर भाड्याने यायचा तेव्हा मोठी माणसं झोपल्यावर हेच लागायचं. तुम्ही कुठे पाहिलेत?

बंड्या_सोलापूर: पुराना मंदिर!!! त्यातला राक्षस सामरी!!! डबा खाऊन येतो.

इंद्रायणी: गणपतीत मंडळ रस्त्यावर पडदा लावायचं. पुढे जागा नसायची म्हणून आम्ही पडद्याच्या मागे, सगळं उलटं दिसायचं. पुराना मंदिरच होता. त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार असा सामरीचा शाप. आत्याला तेव्हा आठवा महिना. आजीने तिला दंडाला धरून उठवलं आणि घरी नेलं. आत्या अजून विचारते, पुढे काय झालं?

बंड्या_सोलापूर: @इंद्रायणी आत्यांना सांगा, मुंडकं पेटीत आणि धड देवळामागे पुरलेलं, ते दोन्ही जुळतं. मग पळापळ. सामरी झालेले अजय अगरवाल रूरकीला इंजिनिअरिंग शिकलेले, माहितीये का? काय उंची त्या माणसाची!

ओटीसिस्टर: ऑपरेशन थिएटरची ड्युटी संपली, बसमधून लिहितेय. खरं रक्त वाळलं की तपकिरी पडतं, सिनेमातलं लालभडकच राहतं. 'ईव्हिल डेड'ला मक्याचं सिरप, खायचा रंग आणि कॉफीत घालायची पावडर वापरली होती. ह्यांना कळत नाही की दिवसभर तेच बघून घरी पुन्हा तेच कसं बघवतं. सिनेमात कुणाच्या नातेवाइकांना बाहेर जाऊन सांगावं लागत नाही, म्हणून बघवतं. स्टॉप आला.

मधुरा_क: @ओटीसिस्टर तुमचं वाचून गलबलले.
धाग्यावर बोलायचं तर मला रामसे बंधूंचे, म्हणजे पुराना मंदिरवाल्यांचे, सिनेमे नाही झेपले. आधी बाईची आंघोळ दाखवायची, मग तिलाच मारायचं. तेव्हाही रागच यायचा.

इंद्रायणी: +१. आम्ही मुली त्या वेळी खाली बघत बसायचो. भुतापेक्षा ते नको वाटायचं.

वऱ्हाडी_मानूस: ईव्हिल डेडमधला तो जंगलातून सुसाट येणारा कॅमेरा आठवते का? फळीवर कॅमेरा बसवला अन् दोन जण दोन्हीकडून धरून पळाले. बाप्पा! हे समजल्यावर कॉलेजात आमीबी केलं, पऱ्हाटीच्या वावरातून. रात्री राखणीवाला बॅटरी घेऊन मागं लागला.

बंड्या_सोलापूर: 😂😂 ते फुटेज टाका राव

घाटमाथा: रामसेंचा 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) आमच्या महाबळेश्वरला झाला, सरकारी विश्रामगृहात. कॅमेरा, आवाज, संकलन सगळं भावांनीच वाटून घेतलेलं. वडील त्या शूटिंगच्या गोष्टी फार रंगवून सांगायचे. धुकं मात्र आमच्याकडचं खरं.

मधुरा_क: @घाटमाथा महाबळेश्वरात कुठे? माझं माहेर मेटगुताड.

घाटमाथा: अगं मग तू आमच्याच शाळेतली! कितवी बॅच? विपू (विचारपूस) बघ, तिथे निरोप टाकते.

वऱ्हाडी_मानूस: फुटेज व्हीएचएसवर हाये. पांढरं पांढरं दिसून राह्यलं टेपवर. लावू का व्हीसीआरमध्ये?

ओटीसिस्टर: नको! बुरशी आहे ती, व्हीसीआरच्या हेडला लागेल आणि दुसऱ्या कॅसेटींनाही. साफ करून डिजिटल करणाऱ्याकडेच द्या. आणि मास्क लावून हाताळा.