मदत हवी आहे : न्यूमोनियाच्या एक्स-रेवर दिसणारा पांढरा भाग जंतूंचा की आपल्याच पेशींचा?

नमस्कार.

माझ्या वडिलांना पाच आठवड्यांपूर्वी उजव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात न्यूमोनिया झाला. त्यांचे वय ६८ आहे. रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने कमी झाल्यामुळे त्यांना सहा दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आता ते घरी आहेत, हिंडतात-फिरतात, मात्र जिना चढताना अजून मध्ये थांबावे लागते. उपचारांविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु त्या धावपळीत डॉक्टरांनी सांगितलेल्या काही गोष्टी माझ्या मनात अजून जुळत नाहीत, आणि त्या समजून न घेता पुढच्या तपासणीला जाणे मला नको वाटते. जीवशास्त्राचे माझे शिक्षण शाळेपुरतेच आहे, म्हणून जाणकारांनी मदत करावी ही विनंती.

एक्स-रेवर खालच्या बाजूला पांढरा भाग दिसला तेव्हा तो जंतूंचाच साठा असणार असे मी धरून चालले होते. डॉक्टर मात्र म्हणाले की त्यात जंतू थोडे, आणि वडिलांच्या स्वतःच्या पेशी व पाझरलेला द्रवच जास्त आहे. तसे असेल तर त्यांचा श्वास कोंडला तो जंतूंमुळे की जंतूंशी लढणाऱ्या यंत्रणेमुळे? पहिल्याच दिवशी प्रतिजैविकांच्या जोडीला हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड सुरू केले गेले. स्टेरॉइड रोगप्रतिकारक यंत्रणेला दाबते एवढे मला ठाऊक आहे. मग जंतू अंगात असताना, ज्यांनी लढायचे त्यांचेच हात का बांधायचे? आणि शेवटची शंका सर्वांत जास्त काळजीची आहे. ताप चौथ्या दिवशी उतरला, सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारे रक्तातील एक प्रथिन) २८६ वरून ९ वर आला, तरी चौथ्या आठवड्यातील एक्स-रेवर तो डाग फिकट का होईना, पण आहेच. आत अजून संसर्ग शिल्लक आहे असा याचा अर्थ होतो का?

मी वाचले त्यावरून माझी समजूत अशी झाली आहे : श्वासनलिकांतील चिकट स्राव आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस बहुतेक जंतूंना बाहेर काढतात. त्यातूनही जे वायुकोशांपर्यंत पोहोचतात त्यांना मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात. या पेशी जंतू आल्यावर रक्तातून तेथे जातात. येथे काही चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे.

प्रतिसाद १

वडील घरी आले हे वाचून बरे वाटले. मी विकृतिशास्त्र शिकवतो. आपली समजूत बरीचशी बरोबर आहे, पण तिच्या शेवटच्या वाक्यात एक महत्त्वाची चूक आहे आणि आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर त्या चुकीच्या दुरुस्तीतच आहे.

वायुकोशांतील मॅक्रोफेज जंतू आल्यावर रक्तातून येत नाहीत. त्यांचे पूर्वज गर्भावस्थेतच फुप्फुसात पोहोचलेले असतात, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते वायुकोशांत स्थिरावतात आणि पुढे बहुतांशी तेथल्या तेथेच विभाजन होऊन आपली संख्या टिकवतात. हे कायमचे रहिवासी आहेत, आणि त्यांचा स्वभाव मुद्दाम शांत ठेवलेला असतो. आपण दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्यातील प्रत्येक धूलिकणावर आणि चुकार जंतूवर जर जोरदार प्रतिक्रिया उमटली असती तर फुप्फुस रोजच सुजले असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे, आणि त्याला सूज परवडत नाही. त्यामुळे जंतू थोडे असतील तर हे मॅक्रोफेज त्यांना गाजावाजा न करता गिळून टाकतात. वायुकोशांना मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंटमधील ए आणि डी ही प्रथिने जंतूंना चिकटून त्यांचे हे काम सोपे करतात. आपणा सर्वांच्या फुप्फुसांत हे नेहमी घडत असते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

न्यूमोनिया होतो तो ही शांत व्यवस्था अपुरी पडली म्हणजे. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूसारख्या जंतूभोवती शर्करांची निसरडी पिशवी असते आणि तिच्यामुळे तो भक्षक पेशींच्या पकडीत सहज येत नाही. संख्या वाढली की मॅक्रोफेज आणि वायुकोशांच्या अस्तरातील पेशी आपल्या संवेदकांद्वारे जंतूंचे घटक ओळखतात. जिवाणूच्या कशाभिकेसाठी (पोहण्याच्या शेपटीसाठी) एक संवेदक, काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील मेदशर्करेसाठी दुसरा, अशी त्यांची वाटणी असते. ओळख पटताच टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ हे संदेश सुटतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी येऊ लागतात. निरोगी माणसाची अस्थिमज्जासुद्धा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. संसर्गात ही निर्मिती आणखी वाढते. फुप्फुसातील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की न्यूट्रोफिलला आपला आकार बदलूनच त्यांतून सरकावे लागते, त्यामुळे त्यांचा मोठा साठा तेथे आधीच रेंगाळलेला असतो. संदेश मिळताच तो वायुकोशांत उतरतो. त्याच्यासोबत वाहिन्यांच्या सैल झालेल्या भिंतींतून प्रथिनयुक्त द्रवही झिरपतो, आणि याच द्रवातून प्रतिपिंडे व पूरक प्रथिने आत पोहोचतात. ती जंतूच्या निसरड्या पिशवीवर बसतात आणि मग न्यूट्रोफिलला त्याला पकडता येते.

म्हणजे आपल्या डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. तो पांढरा भाग म्हणजे हवेच्या जागी आलेला हा द्रव आणि या पेशी. अशा भागातून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते आणि त्यामुळे ऑक्सिजनची पातळी खाली येते. परंतु यावरून दोष प्रतिकाराचा होता असा निष्कर्ष काढू नये. ज्या रुग्णांत न्यूट्रोफिल फारच कमी असतात त्यांचा एक्स-रे कधी कधी सुरुवातीला बराच स्वच्छ दिसतो, आणि तरीही तेच रुग्ण अधिक धोक्यात असतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी आवर्जून सांगतो, कारण स्वच्छ चित्र पाहून दिलासा मानण्याची चूक त्यांच्याकडूनही होते.

स्टेरॉइडविषयी. न्यूट्रोफिल ज्या विकरांनी आणि ऑक्सिडीकारक द्रव्यांनी जंतू मारतात तीच बाहेर सांडली तर वायुकोशांचे अस्तरही जाळतात. आजार तीव्र असतो तेव्हा हे संदेश एकमेकांना फुगवत जातात आणि प्रतिजैविकांनी जंतू मरत असतानाही फुप्फुसाची हानी चालूच राहते. हायड्रोकॉर्टिझोनने तो फुगवटा आवरता येतो. फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तीव्र न्यूमोनियाच्या ज्या रुग्णांना हे औषध लवकर दिले त्यांच्यातील २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ६.२ टक्के, तर न दिलेल्यांत ११.९ टक्के होते. मात्र त्या चाचणीतून फ्लूमुळे झालेला न्यूमोनिया वगळलेला होता, आणि सौम्य न्यूमोनियात स्टेरॉइड देण्याची प्रथा नाही. म्हणून हे औषध कोणीही आपल्या मनाने घेण्याचे नव्हे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात राहिलेल्या तिसऱ्या शंकेविषयी लिहिते. मी छातीच्या विकारांच्या विभागात काम करते.

सीआरपी फुप्फुसात तयार होत नाही. इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृताकडे जाते आणि यकृत हे प्रथिन तयार करते. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना ते न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात सापडले; न्यूमोकॉकसच्या भित्तिकेतील ‘सी’ नावाच्या बहुशर्करेशी ते जुळते म्हणून त्याला हे नाव मिळाले. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते, त्यामुळे संदेश थांबले की आकडा काही दिवसांतच कोसळतो. एक्स-रे मात्र संदेशांचा नसून साचलेल्या मालाचा हिशेब दाखवतो, आणि तो माल उचलण्याचे काम फार संथ असते. आपले काम संपवलेले न्यूट्रोफिल ठरलेल्या रीतीने मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि ही क्रियाच मॅक्रोफेजना सूज शमवणारे संदेश सोडायला लावते. अस्तरातील दुसऱ्या प्रकारच्या पेशी विभाजित होऊन जळालेल्या जागी नवे पातळ अस्तर घालतात आणि द्रव शोषून घेतात. वयस्क रुग्णांत एक्स-रे पूर्ण स्वच्छ व्हायला बारा आठवडेही लागू शकतात.

म्हणून ताप नसताना, भूक सुधारत असताना आणि डाग फिकट होत असताना केवळ डाग आहे यावरून संसर्ग शिल्लक आहे असे म्हणता येत नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः धूम्रपान केलेल्या व्यक्तींत सहा आठवड्यांच्या सुमारास पुन्हा एक्स-रे काढून पाहणे आवश्यक असते, कारण न जाणारा डाग क्वचित मागे दडलेल्या गाठीचा असतो. ही तपासणी टाळू नका. ताप परत आला, कफातून रक्त पडले किंवा दम वाढला तर सहा आठवड्यांची वाटही पाहू नका.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना मी आज हे सर्व वाचून दाखवले. एक गोष्ट सांगायची राहिली होती : न्यूमोनियाच्या आधी आठवडाभर त्यांना सर्दी-ताप होता आणि तो उतरल्यावर दोन दिवस बरे वाटून मग एकदम थंडी वाजून ताप चढला. याचा संबंध असू शकतो का? आणि एकदा होऊन गेला म्हणजे आता पुन्हा होणार नाही, असे धरावे का?

प्रतिसाद १ लिहिणारे

संबंध असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपण सांगितलेला क्रम तर फार ओळखीचा आहे. सर्दी-तापाचा विषाणू श्वासनलिकेचे केसाळ अस्तर खरवडून काढतो, आणि त्याच्याशी लढण्यासाठी सुटलेले इंटरफेरॉन काही काळ मॅक्रोफेजांची जिवाणू गिळण्याची क्षमता कमी करतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीतील बहुतेक मृत्यू अशाच मागाहून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, असे त्या काळच्या जतन केलेल्या ऊतींच्या तपासणीवरून दिसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बऱ्या झालेल्या फुप्फुसात स्मृती असलेल्या टी पेशी मुक्कामाला राहतात. उंदरांत तर त्या ज्या खंडाला संसर्ग झाला होता त्याच खंडात राहिलेल्या आढळल्या आहेत. परंतु न्यूमोकॉकसच्या पिशवीचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला सहसा ओळखत नाहीत. लशीत यांपैकी अनेक प्रकारांच्या शर्करा एकत्र असतात, आणि आधी न्यूमोनिया होऊन गेलेला असला तरी या वयात ती घेण्याचा सल्ला दिला जातो. पुढच्या आठवड्यात एक्स-रेसाठी जाल तेव्हा न्यूमोकॉकसची आणि फ्लूची, अशा दोन्ही लशींविषयी डॉक्टरांना विचारा, आणि एक्स-रेचा जुना व नवा असे दोन्ही फोटो सोबत न्या.