विंग कमांडरची वंशावळ: बाप मोठा की आई?

प्रश्न: सॅडलब्रेड या अमेरिकन जातीच्या घोड्यांत विंग कमांडर नावाच्या घोड्याचं नाव सतत येतं. त्याची नेमकी कामगिरी काय? आणि वंशावळीत बोरबन किंग हा घोडा आई-बाप दोन्हीकडून येतो हे खरं का?

उत्तर १: जन्म १९४३. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या स्पर्धेत पाच चालींच्या गटात १९४८ ते १९५३, सलग सहा वर्षं विश्वविजेता. प्रशिक्षक अर्ल टीटर. बाप अनाकाचो शॅमरॉक, त्याचा बाप एडना मेज किंग, आणि त्याचा बाप बोरबन किंग. आई फ्लर्टेशन वॉक ही किंग्ज जीनियसची मुलगी. तीही बोरबन किंगच्याच घराण्यातली. म्हणजे हो, दोन्हीकडून. सगळे बापाचंच कौतुक करतात, पण आईची बाजू विसरू नका.

उत्तर २: पाच चाली म्हणजे वॉक (साधं चालणं), ट्रॉट (दुडकी), कँटर (मंद दौड), स्लो गेट (रॅकसारखीच, पण संथ) आणि रॅक. खरी परीक्षा रॅकला. मारवाडी घोड्यांच्या रवाल चालीच्याच जातकुळीतली ही चाल. चारही टापा सुट्या, सारख्या अंतरानं पडायला हव्यात. डोळे मिटून ऐका: टप-टप-टप-टप. दोन-दोन टापा जोडीनं ऐकू आल्या की एका बाजूचे पाय एकत्र पडताहेत, म्हणजे चाल पेसकडे घसरली. बहुतेकदा कारण एकच, वेगाची घाई. घोडा थकलेला असला तरी हेच होतं. अशा वेळी टाच मारू नका, वेग उतरवून स्लो गेटवर आणा, ठोका जुळला की मग सोडा.

प्रश्नकर्ता: म्हणजे रक्तात चाल असली तरी लय शिकवावीच लागते?

उत्तर २: लागतेच.