'रिपर स्ट्रीट'ची परीक्षणं: एका मालिकेबद्दल इतकी टोकाची मतं का?

छत्रीबाग:
इंदुरात आमच्या वाचक मंडळात परदेशी मालिकांच्या समीक्षेवर वीस मिनिटं बोलायचंय. मालिका ठरली 'रिपर स्ट्रीट', म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या पोलिसांवरची बीबीसीची गुन्हेमालिका. परीक्षणं गोळा करायला बसलो तर डोकं गरगरलं. कुणाच्या मते हा बायकांच्या प्रेतांवर मांडलेला बाजार आहे, तर कुणाला यातलं लेखन फार वरच्या दर्जाचं वाटतं. २०१३ मध्ये बाफ्ताचं (ब्रिटनमधल्या मोठ्या पुरस्काराचं) नामांकन मिळालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीबीसीने मालिका बंद केली! पुढे ती पुन्हा सुरूही झाली. ह्या सगळ्याची संगती कशी लावायची? मंडळात साठीपुढचे लोक बरेच आहेत, तेव्हा दाखवायचं काय आणि गाळायचं काय, तेही सांगा.

स्नेहलतागंज:
आधी परीक्षणांची तारखेप्रमाणे चळत लावा. अर्धा गोंधळ तिथेच सुटतो.

पहिला भाग बीबीसी वनवर ३० डिसेंबर २०१२ ला लागला. त्या आठवड्यातली परीक्षणं बहुतेक पहिल्या एक-दोन भागांवरची आहेत. आणि पहिल्या भागाचा विषय कोणता, तर हलत्या चित्रांच्या नव्या यंत्रावर बाईचा खून चित्रित करणारी माणसं. साहजिकच टीकेचा सगळा रोख तिकडे गेला. त्यात नावातच 'रिपर', म्हणजे पुन्हा तोच 'जॅक द रिपर', १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला खुनी, ह्या कंटाळ्याची भर पडली. प्रत्यक्षात कथा सुरू होते एप्रिल १८८९ मध्ये, रिपरचा शेवटचा मानला जाणारा बळी मेरी केली हिच्या खुनानंतर (९ नोव्हेंबर १८८८) पाचेक महिन्यांनी. खुनी कोण हा मालिकेचा प्रश्नच नाही. त्या दहशतीनंतर एच डिव्हिजनचे, म्हणजे लंडनच्या व्हाइटचॅपेल भागाचे, पोलीस काम कसं करतात, हा आहे. एकच भाग पाहून लिहिणाऱ्याला हे दिसणं अवघड होतं.

म्हणून प्रत्येक परीक्षणाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: तारीख, लिहिणाऱ्याने किती भाग पाहिले होते, आणि कोणती आवृत्ती पाहिली होती. आवृत्तीची भानगड पुढे तिसऱ्या पर्वात येते.

मल्हारगंज:
भिया, 'एकच भाग पाहिला म्हणून टीका केली' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. पहिल्या पर्वात लाँग सुझन आणि रोझ, दोघी कुंटणखान्यातल्या. मालिकेचा नायक, पोलीस अधिकारी रीड, त्याची बायको एमिली दुःखात. म्हणजे बाईला जागा बहुतेक तीनच: प्रेत, पलंग किंवा शोक. सुझनच्या हातात कथेची सूत्रं पुढच्या पर्वांत येतात, पण ती पुढे येणार आहेत म्हणून आधीचं माफ होत नाही. हा आक्षेप भाषणात पूर्ण वजनाने मांडा.

आता बंद पडण्याचं. ते समीक्षकांमुळे नव्हे, प्रेक्षकसंख्येमुळे. बाफ्ताच्या सर्वोत्तम नाट्यमालिका गटात तिच्यासोबत 'स्कॉट अँड बेली' आणि 'सिल्क' होत्या, बक्षीस 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'ला गेलं. म्हणजे प्रतिष्ठेला धक्का नव्हता. दुसरं पर्व ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस सुरू झालं आणि नोव्हेंबरात समोर आयटीव्ही ह्या प्रतिस्पर्धी वाहिनीवर 'आय अॅम अ सेलिब्रिटी' आलं. जंगलात किडे खाणारे प्रसिद्ध लोक एकीकडे आणि व्हाइटचॅपेलचा चिखल दुसरीकडे. लोक कुठे गेले ते सांगायला नको. 'वाईट होती म्हणून बंद पडली' हे वाक्य भाषणात चुकूनही येऊ देऊ नका.

पुढे अॅमेझॉनने पैसे घातले. तिसरं पर्व नोव्हेंबर २०१४ मध्ये आधी तिथे आलं, बीबीसीवर थेट २०१५ च्या जुलैअखेरीस. अॅमेझॉनवरचे भाग लांब होते, बीबीसीसाठी ते तासाच्या मापात कापले. एकाच भागाबद्दल एक जण 'रेंगाळतो' म्हणतो आणि दुसरा 'उड्या मारतो' म्हणतो, तेव्हा आधी हे तपासा. दोघांनी वेगळ्या लांबीचा भाग पाहिलेला असू शकतो.

छत्रीबाग:
हे लक्षातच आलं नव्हतं. ऐतिहासिक अचूकतेवरूनही बरीच टोकाटोकी दिसते. 'सीएसआय'ला (प्रयोगशाळेतून गुन्हे सोडवणारी अमेरिकन मालिका) जुन्या काळच्या टोप्या घातल्यात, वगैरे. त्यात कितपत तथ्य?

नंदलालपुरा:
काही ठिकाणी तथ्य, काही ठिकाणी घाई.

एडमंड रीड खरा माणूस. १८८७ पासून एच डिव्हिजनच्या गुप्तचर शाखेचा प्रमुख, १८९६ मध्ये निवृत्त, १९१७ मध्ये वारला. खरा रीड पाच फूट सहा इंचांचा, बुटकेपणासाठी प्रसिद्ध, आणि फुग्यातून उड्डाणं करणारा हौशी. पडद्यावरचा मॅथ्यू मॅकफेडियन सहा फुटांच्या वर. हा बदल कुणाला खटकल्याचं दिसत नाही, गंमतच आहे. रिपरचा तपास करणारा पोलीस अधिकारी अॅबरलाइन आणि 'एलिफंट मॅन' म्हणून ओळखला जाणारा जोसेफ मेरिक हेही खरे. मेरिक व्हाइटचॅपेलच्या लंडन हॉस्पिटलात राहायचा, एप्रिल १८९० मध्ये गेला. रीडसाठी शवविच्छेदन करणारा होमर जॅक्सन मात्र कल्पित: अमेरिकन सैन्यातला माजी शल्यवैद्य, पूर्वी पिंकर्टन ह्या खासगी गुप्तहेर संस्थेत असलेला. 'सीएसआय'चा टोमणा त्याच्याच टेबलावरून आला.

तो टोमणा तपासायला ह्या तारखा हाताशी ठेवा. आर्सेनिक ओळखणारी मार्श चाचणी १८३६ ची, म्हणजे विष शोधणं काळाला धरूनच आहे. पण डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ ची, आणि रक्तगटही १९०१ चेच. स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभागही १९०१ चा. तुमच्या मंडळाला रस वाटेल अशी गोष्ट इथे आहे: ठशांची नोंदणी आधी आपल्याकडे झाली. कलकत्त्यात ठशांचं कार्यालय १८९७ मध्ये निघालं, वर्गीकरणाची पद्धत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली आणि नाव झालं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. चौथं पर्व नेमकं १८९७ मध्ये घडतं.

पहिल्या भागातलं हलत्या चित्राचं यंत्र लोकांना थाप वाटलं. पण ल प्रिन्स ह्या फ्रेंच संशोधकाने इंग्लंडमधल्या लीड्समध्ये चित्रफीत घेतली ती १८८८ मध्ये. एका वर्षानंतर लंडनच्या तळघरात तसं यंत्र असणं ही ताणलेली कल्पना आहे, अशक्य नाही.

श्रोत्यांना काळ पटकन समजावा म्हणून एवढंच सांगा, की तेव्हा इंदुरात शिवाजीराव होळकर गादीवर होते.

स्नेहलतागंज:
संवादांचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते खरा वाद तोच आहे. मालिकेचा निर्माता-लेखक रिचर्ड वॉर्लोने पात्रांच्या तोंडी जी इंग्रजी घातली ती १८८९ मध्ये कुणी बोलत नव्हतं. शब्दांचा क्रम उलटा, वाक्यं लांब, शिपाईसुद्धा पल्लेदार बोलतो. काहींना ती कविता वाटली, काहींना सोंग. मंडळात समजावायला सोपं उदाहरण आहे: पेशवाईवरच्या मालिकेतला पाणक्यासुद्धा बखरीच्या भाषेत बोलू लागला तर जे होईल ते. फरक इतकाच, की इथे ते ठरवून केलंय आणि शेवटपर्यंत सोडलेलं नाही. रीडचा सार्जंट बेनेट ड्रेक, त्याच्या भूमिकेत जेरोम फ्लिन ती भाषा सर्वांत सहज पेलतो, कारण तो ती हळू बोलतो.

दाखवताना इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, नाहीतर मागच्या रांगेला एक अक्षर कळणार नाही. पहिल्या भागातला खुनाचा प्रसंग गाळा, त्याऐवजी शवविच्छेदनाच्या खोलीतलं रीड-जॅक्सनचं बोलणं दाखवा. तीन-चार मिनिटं पुरे. प्रेत कडेला दिसतं तेवढं आधी सांगून ठेवा.

मल्हारगंज:
आणि खुनाचा प्रसंग गाळलात तर गाळलाय असं सांगा, स्नेहलतागंजच्या ताई म्हणतात तसं नुसतं वगळू नका. टीका ज्या प्रसंगावर झाली तोच न दाखवता टीकेबद्दल बोलाल, तर पहिला प्रश्न तिथूनच येईल.

छत्रीबाग:
मान्य. दोन ओळींत वर्णन करून पुढे जातो. एकूण भाग किती धरायचे?

नंदलालपुरा:
सदतीस. पहिली तीन पर्वं आठ-आठ, चौथं सात, पाचवं सहा. कुठे चाळीस लिहिलेलं दिसलं तर पाचही पर्वं आठ-आठची धरून केलेला तो हिशोब आहे.